जखमेचा कागद

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)



सरकारी दवाखान्याची पायरी चढलेल्या प्रत्येकाला 'केसपेपर' हा शब्द ठाऊक असतो. खिडकीपाशी रांग लावायची, नाव-गाव-वय सांगायचं, की हातात एक पातळ कागद येतो. त्यावर डॉक्टर दोन-चार ओळी लिहितात. औषध मिळतं, ताप उतरतो आणि तो कागद घरातल्या कुठल्यातरी पिशवीत जाऊन पडतो. पुढच्या आजारपणात तो सापडत नाही, आपण नवा काढतो. तुमचं-आमचं त्यावाचून फारसं अडत नाही.

सैनिकाचं मात्र अडतं. आज मला त्याविषयी बोलायचं आहे. अमेरिकेनं आपल्या सैनिकांच्या आरोग्याच्या नोंदी कागदावरून संगणकावर नेल्या, त्याची ही हकीकत. या कामात चार दशकांहून अधिक काळ गेला, अब्जावधी डॉलर खर्च झाले, आणि मध्येच एक अख्खं दल संगणकावरून पुन्हा कागदावर आलं. तुम्ही म्हणाल, एका मराठी कवीला या उठाठेवीचं कारण काय? कारण असं, की बी.ए. झाल्यावर मी बरीच वर्षं एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली. केसपेपरांचे गठ्ठे बांधले, सोडले, त्यांच्यावरची वाळवी झटकली. एखादा जुना कागद शोधायला आलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते मी रोज पाहिलं आहे. आणि लिहिलेल्या शब्दाचं पुढं काय होतं, ही तर कवीची नेहमीची काळजी.

सैनिकाच्या नोंदीचं महत्त्व कशात आहे, ते आधी पाहू. सैनिक एका जागी राहत नाही. आज या छावणीत, उद्या त्या जहाजावर, परवा परमुलखात. दर ठिकाणी डॉक्टर नवा. त्याला काय टोचलं, कुठं मार बसला, कोणतं औषध चालत नाही, हे सांगणारा जुना ओळखीचा डॉक्टर त्याच्यापाशी नसतो. शिवाय खरी गरज नोकरी संपल्यावर सुरू होते. पन्नाशी उलटल्यावर कान ऐकेनासा होतो, गुडघा धरतो, रात्री झोप उडते. तो सरकारकडे जातो आणि सांगतो, हे सगळं फौजेतलं आहे. सरकार विचारतं, पुरावा काय? तोफेच्या आवाजानं कान गेला असेल, तर कोणत्या साली, कुठल्या तळावर, कोणाला दाखवला होतास? सोबतचे लोक पांगलेले असतात, अधिकारी निवृत्त झालेले असतात. जखम भरून आली, की तिचा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे कागद.

आणि कागद जळतो. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराजवळ एका सहा मजली सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्याला आग लागली. या इमारतीत साऱ्या देशाच्या माजी सैनिकांची सेवापुस्तकं ठेवलेली होती. आग पूर्ण विझवायला चार दिवस लागले. एक कोटी साठ ते एक कोटी ऐंशी लाख माणसांच्या फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांच्या नोंदींपैकी सुमारे ऐंशी टक्के नष्ट झाल्या. त्यात दोन्ही महायुद्धांतले लोक होते, कोरियाच्या युद्धातलेही होते. नकला नव्हत्या, सूक्ष्मचित्रफिती नव्हत्या, आत नेमकं काय होतं याची यादीसुद्धा नव्हती. आगीतून वाचलेले कागद बंबांच्या पाण्यानं भिजले होते. ते निर्वात खोल्यांत वाळवावे लागले. आजही तिथले कर्मचारी काठ जळलेले ते कागद हातात घेऊन कुणाच्या तरी निवृत्तिवेतनाचा दुवा शोधत असतात.

या आगीला एक विलक्षण पुरवणी आहे. १९८८ साली संगणकाच्या काही जुन्या फिती सेंट लुईसच्या त्या कार्यालयाकडे आल्या. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियाच्या युद्धात लष्कराच्या वैद्यकीय प्रमुखांच्या कार्यालयानं रुग्णालयांत दाखल झालेल्या सैनिकांची माहिती आकडेवारीसाठी जमवली होती. कोणता आजार किती, एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्यात सुमारे एक कोटी दाखल्यांच्या नोंदी होत्या. सैनिकाचं नाव नव्हतं, फक्त त्याचा सेवाक्रमांक होता. त्यापुढं आजार, शस्त्रक्रिया, तारीख असा त्रोटक मजकूर. पण ज्यांची फाईल जळून राख झाली होती, त्यांच्यापैकी कित्येकांच्या बाजूनं ही त्रोटक ओळ उभी राहिली. कुणाची तरी तक्रार ऐकावी म्हणून ती लिहिलीच नव्हती. तरी ती कामी आली, कारण ती दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या रूपात जपली गेली होती.

पुढचा धक्का आखाती युद्धानं दिला. १९९०-९१ मध्ये सुमारे सात लाख अमेरिकी सैनिक आखातात गेले. लढाई थोड्या दिवसांत संपली. घरी आल्यावर मात्र अनेकांना न संपणारा थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा, अंगावर चट्टे असा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी जुने कागद मागवले, तेव्हा ते अपुरे निघाले. कुणाला कोणती लस कधी टोचली, कोणत्या गोळ्या दिल्या, याची धड नोंद नव्हती. मार्च १९९१ मध्ये इराकमधल्या खमिसिया इथला शस्त्रसाठा अमेरिकी सैनिकांनी सुरुंग लावून उडवला होता. त्या साठ्यात मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या विषारी वायूची अस्त्रं होती, हे पेंटॅगॉननं कबूल केलं १९९६ साली. मग वारा कुठल्या दिशेचा होता, कोणती तुकडी त्या दिवशी कुठं होती, याचं गणित मांडत बसावं लागलं. सुमारे एक लाख सैनिक त्या पट्ट्यात असावेत, असा अंदाज निघाला. ज्या माणसाचं अंग दुखत होतं, त्याला 'तू त्या दिवशी कुठं होतास' हे सांगायला सरकारपाशी अंदाजच होता.

त्यानंतर १९९७ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा केला, की परदेशी पाठवलेल्या सैनिकाची जाण्यापूर्वी आणि आल्यावर तपासणी व्हावी आणि तिची नोंद राहावी. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी प्रत्येक सैनिकाची जन्मभर सोबत करणारी वैद्यकीय नोंद ठेवण्याचं आश्वासन दिलं. कागदानं हे जमणार नाही हे उघड होतं.

संगणक तोवर आलेला होता, पण दोन घरांत दोन वेगळे. सैनिक नोकरीत असेतो संरक्षण खात्याचा असतो, नोकरी सुटली की माजी सैनिकांच्या खात्याचा. या दुसऱ्या खात्याची देशभर स्वतःची रुग्णालयं आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या काही डॉक्टरांनी आणि संगणकतज्ज्ञांनी आपापल्या रुग्णालयात बसून नोंदींची एक प्रणाली तयार करायला घेतली. मुख्यालयाला ते पसंत नव्हतं, ते बंद पाडण्याचेही प्रयत्न झाले. मंडळी चिकाटीनं काम करत राहिली. त्यातून पुढं 'व्हिस्टा' नावाची प्रणाली उभी राहिली. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेलं. शहरातल्या कितीतरी दवाखान्यांची कपाटं चिखलात बुडाली, पण माजी सैनिकांच्या नोंदींच्या प्रती सुखरूप बाहेर निघाल्या आणि लोक जिथं जिथं पांगले, तिथल्या खात्याच्या डॉक्टरांना त्या काही दिवसांत दिसू लागल्या. मधुमेहाचा रुग्ण परक्या शहरात गेला, तरी त्याची औषधं त्याच्या आधी तिथं पोचलेली होती. सेंट लुईसमध्ये बत्तीस वर्षांपूर्वी जे घडलं, त्याच्या अगदी उलट.

संरक्षण खात्याची प्रणाली वेगळी. ती संथ आहे, मध्येच अडते, रुग्णाकडं पाहायचं सोडून पडद्याकडं पाहत बसावं लागतं, अशी तिथल्या डॉक्टरांची तक्रार असे. आणि मुख्य म्हणजे या दोन घरांच्या प्रणाली एकमेकींशी नीट बोलत नव्हत्या. सैनिक निवृत्त झाला, की त्याची माहिती पुन्हा कागदावर उतरायची आणि टपालानं दुसऱ्या घरी जायची. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी दोन्ही खात्यांची मिळून एक नोंद करण्याची घोषणा केली. दोन्ही खात्यांनी एकच प्रणाली बांधण्याचं ठरवलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तो बेत सोडून दिला. दरम्यान, ऑगस्ट २०१२ मध्ये माजी सैनिक खात्याच्या तपासनिसांनी विन्स्टन-सेलम इथल्या कार्यालयाचा अहवाल दिला. तिथं कपाटं भरून वाहत होती आणि सुमारे ३७ हजार फायली कपाटांच्या डोक्यावर रचून ठेवल्या होत्या. त्या ओझ्यानं इमारतीला धोका होईल, असं तपासनिसांनी लिहिलं. रेकॉर्ड रूममध्ये काम केलेल्या माणसाला हे चित्र नवं नाही. पण त्यातली प्रत्येक फाईल म्हणजे निकालाची वाट पाहणारा एक माणूस होता. मार्च २०१३ मध्ये १२५ दिवसांहून अधिक काळ रखडलेल्या दाव्यांची संख्या सहा लाखांच्या वर गेली होती.

नोंदीचा उपयोग पुराव्यापुरताच आहे, असं मात्र समजू नका. तिनं जीवही वाचतो. डॉक्टर अतुल गावंडे यांचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. बोस्टनचे शल्यविशारद आणि लेखक. त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. डिसेंबर २००४ मध्ये त्यांनी इराक आणि अफगाणिस्तानातल्या जखमी अमेरिकी सैनिकांवर एक लेख लिहिला. व्हिएतनाममध्ये जखमींपैकी सुमारे चोवीस टक्के दगावत, या युद्धांत ते प्रमाण दहा टक्क्यांवर आलं होतं. व्हिएतनाममधून जखमी माणूस मायदेशी पोचायला सरासरी ४५ दिवस लागत, आता चार दिवसही लागत नव्हते. यामागं काही जादूचं औषध नव्हतं. रणांगणाजवळच्या तंबूत रात्रभर शस्त्रक्रिया करून दमलेले डॉक्टर प्रत्येक जखमीची तपशीलवार माहिती भरून ठेवत होते आणि ती माहिती कुणीतरी वाचत होतं. त्यातून लक्षात आलं, की डोळ्यांच्या जखमा फार होताहेत. चौकशी केली, तर संरक्षक चष्मे दिलेले होते, पण पोरं ते घालत नव्हती. चष्मे म्हाताऱ्यांसारखे दिसतात म्हणे! सैन्यानं जरा ऐटबाज चष्मे दिले आणि डोळ्यांच्या जखमा कमी झाल्या. नोंद झाली, वाचली गेली आणि कुणाच्या तरी डोळ्यांत उजेड राहिला.

आता ज्या दलाचा मी सुरुवातीला उल्लेख केला, त्याची गोष्ट. अमेरिकेचं तटरक्षक दल. हे तिथल्या सशस्त्र दलांपैकीच एक आहे, पण संरक्षण खात्याच्या अखत्यारीत नाही. २००३ पासून ते गृहसुरक्षा खात्याकडं आहे. चाळीस हजारांच्या आसपास माणसं, किनाऱ्यावर चाळीसेक दवाखाने आणि जहाजांवरच्या छोट्या आजारी-खोल्या. एवढ्या लहान दलाला हे काम सोपं जावं, असं कुणालाही वाटेल. त्यांच्याकडं जुनी संगणक प्रणाली होती. ती बदलण्यासाठी सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी पाच वर्षांचं, एक कोटी चाळीस लाख डॉलरचं कंत्राट दिलं. काम वाढत गेलं, त्यात नवनवी कलमं आली, खर्च फुगला. ऑक्टोबर २०१५ मध्ये दलानं प्रकल्प गुंडाळला. तोवर आणि त्यानंतर चुकवलेल्या देण्यांसह जवळजवळ सहा कोटी डॉलर खर्ची पडले. त्यातलं एकही यंत्र किंवा आज्ञावली पुढच्या कामासाठी वापरता येण्याजोगी नव्हती.

बरं, मग जुन्या प्रणालीकडं परतावं, तर तीही पुन्हा सुरू करता येत नव्हती. नवं घर बांधून झालं नव्हतं आणि जुन्या घराचे वासे काढून झाले होते. दलानं आपल्या सगळ्या दवाखान्यांना आदेश दिला, की नोंदी कागदावर ठेवा.

अमेरिकेत आपल्या 'कॅग'सारखी संसदेची एक लेखापरीक्षण संस्था आहे. तिनं जानेवारी २०१८ मध्ये या प्रकरणावर अहवाल दिला. दवाखान्यांच्या व्यवस्थापकांनी तिला ज्या अडचणी सांगितल्या, त्या वाचताना मला आमची रेकॉर्ड रूम आठवली. नोंदी अर्धवट असतात. अक्षर लागत नाही. कोण कोणती औषधं घेतो आहे, याचा माग राहत नाही. कागद सांभाळण्यात वेळ जातो. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या सशस्त्र दलात, २०१८ साली! या प्रकल्पावर देखरेख ठेवण्यासाठी मंडळं नेमलेली होती, त्यांचे नियम लिहिलेले होते. पण मंडळांनी प्रत्यक्ष देखरेख केली, असा पुरावा लेखापरीक्षकांना मिळाला नाही. आणि या फसगतीतून काय शिकलो, हेही दलानं कुठं लिहून ठेवलं नव्हतं. नोंदींसाठी काढलेल्या प्रकल्पाचीच नोंद नव्हती.

पुढं २०१८ मध्येच तटरक्षक दलानं वेगळी चूल न मांडता संरक्षण खात्याच्या नव्या प्रणालीत सामील व्हायचं ठरवलं, आणि २०२० पासून त्याचे दवाखाने तिच्यात येऊ लागले. या प्रणालीचं नाव 'जेनेसिस'. म्हणजे उत्पत्ती. तिचं ४३० कोटी डॉलरचं कंत्राट २०१५ मध्ये दिलं गेलं होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका हवाई तळावर ती पहिल्यांदा सुरू झाली. सुरुवात कठीण गेली. एप्रिल २०१८ मध्ये संरक्षण खात्याच्याच परीक्षकांनी ती प्रत्यक्ष वापरास परिणामकारकही नाही आणि योग्यही नाही, असा शेरा दिला. मग थांबून दुरुस्त्या झाल्या, पुन्हा टप्प्याटप्प्यानं काम सुरू झालं. मार्च २०२४ मध्ये शिकागोजवळच्या, दोन्ही खात्यांनी मिळून चालवलेल्या रुग्णालयात ती सुरू झाली आणि संरक्षण खात्यापुरतं हे काम पुरं झालं.

माजी सैनिकांच्या खात्यानं २०१७ मध्ये हीच प्रणाली घ्यायचं ठरवलं. 'व्हिस्टा' जुनी झाली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये स्पोकेन शहरातल्या रुग्णालयात नव्या प्रणालीनं काम सुरू केलं. तिथं काय झालं, ते ऐका. डॉक्टर एखाद्या रुग्णासाठी तपासणी लिहायचे, तज्ज्ञाकडं पाठवा म्हणून लिहायचे. ती सूचना कुठं जायला हवी हे यंत्राला जुळलं नाही, की यंत्र ती एका 'अज्ञात रांगेत' टाकून द्यायचं. डॉक्टरला वाटायचं सूचना गेली. रुग्ण बोलावणं येईल म्हणून घरी वाट पाहायचा. जून २०२१ पर्यंत अशा अकरा हजारांहून अधिक सूचना त्या रांगेत पडल्या होत्या. जुलै २०२२ मध्ये तपासनिसांनी हे उघड केलं, तेव्हा १४९ प्रकरणांत रुग्णांना अपाय झाल्याचं निष्पन्न झालं होतं. एप्रिल २०२३ मध्ये खात्यानं नव्या ठिकाणी ही प्रणाली नेणं थांबवलं. अपवाद केला तो शिकागोजवळच्या त्या संयुक्त रुग्णालयाचा.

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये चुकीच्या गठ्ठ्यात बांधलेला कागद निदान हाताला लागायचा. माझ्याच नावाचं सांगतो. त्यातला 'मोहम्मद' शाळेच्या दाखल्यावर 'महंमद' आहे, रेशनकार्डावर 'महमद' आहे, आणखी एका कागदावर नुसताच 'मो.' आहे. आमच्या वस्तीतले लोक कागद शोधायला आले, की मी शेखांचे चारही गठ्ठे सोडायचो, बापाचं नाव विचारायचो, गल्ली विचारायचो आणि माणूस सापडायचा. यंत्राला गल्ली विचारता येत नाही. त्याला सांगितलं नाही, तर ते एका माणसाचे चार करतं. आणि जे त्याला कळत नाही, ते न बोलता बाजूला ठेवून देतं. कागद हरवला, की कपाटातली मोकळी जागा दिसते. यंत्रात हरवलेलं काही दिसतच नाही. म्हणून यंत्रापाशी शंका घेणारा एक जिवंत माणूस बसवणं, हा खर्च टाळता येणार नाही.

आणखी एक बाजू आहे. साक्षीदार आपल्याच बाजूनं बोलेल, असं नसतं. २०२२ पासून अमेरिकेत सैन्यभरतीच्या केंद्रांवर हीच 'जेनेसिस' प्रणाली वापरात आली. तिच्यातून उमेदवाराच्या लहानपणापासूनच्या खासगी उपचारांची माहितीही दिसू लागली. पूर्वी उमेदवार स्वतः सांगेल तेवढंच कळायचं. सहाव्या वर्षी दमा झाला होता, बाराव्या वर्षी हात मोडला होता, हे घरचे लोकही विसरलेले असायचे. आता यंत्र ते पुढं करू लागलं. भरती रेंगाळली, खास सवलतीसाठी अर्ज करावे लागले, आणि अखेर संरक्षण खात्याला काही आजारांच्या बाबतीत किती वर्षं मागं पाहायचं याची मर्यादा ठरवावी लागली. कागद जळायचा, कुजायचा आणि विसरायचाही. यंत्र विसरत नाही. मग त्याला काय विसरू द्यायचं, हे माणसानंच ठरवायला हवं.

हे सारं परदेशातलं झालं. पण आपल्या सातारा, कोल्हापूर, सांगलीच्या कितीतरी घरांत फौजेतून परतलेली माणसं आहेत, आणि त्यांचाही प्रश्न कागदाचाच आहे. २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं एका शिपायाच्या खटल्यात निकाल दिला. नोकरीत असताना त्याला फेफऱ्याचे झटके येऊ लागले, त्याला घरी पाठवलं गेलं, आणि आजार फौजेमुळं झालेला नाही असं सांगून अपंगत्वाचं निवृत्तिवेतन नाकारलं गेलं. न्यायालयानं १९८२ चे नियम समोर ठेवून सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद केलेली नसेल, तर माणूस धडधाकट होता असंच धरायला हवं. आजार फौजेमुळं नाही, हे दाखवण्याचं ओझं सरकारवर आहे, सैनिकावर नाही. वैद्यकीय मंडळानं आपल्या मताची कारणं लिहिलेली नव्हती, याकडंही न्यायालयानं बोट दाखवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं नवे नियम आणले, ते त्यानंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहेत. पण त्या निकालातलं मर्म जुनं होत नाही. काय लिहिलं आहे याला जितकं मोल, तितकंच काय लिहिलेलं नाही यालाही. आणि नुसता निष्कर्ष पुरत नाही, कारण लिहावं लागतं.

इथं मला कवी म्हणून थोडं बोलू द्या. संगणकाच्या पडद्यावर डॉक्टरला बहुधा यादीतून निवडायचं असतं. दुखणं 'सौम्य', 'मध्यम' की 'तीव्र', तिथं एक खूण करायची. मोजदादीला हे सोयीचं आहे, आणि मघाशी चष्म्यांचं सांगितलं, तसा त्याचा उपयोगही मोठा आहे. पण 'स्फोटापासून वीस पावलांवर उभा होता, तेव्हापासून डाव्या कानात सतत आवाज येतो,' हे वाक्य यादीत नसतं. ते डॉक्टरला लिहावं लागतं. वीस वर्षांनी एखादं मंडळ किंवा न्यायाधीश ती फाईल उघडेल, तेव्हा 'मध्यम' या शब्दावरून त्याला काही कळणार नाही. ते वाक्य मात्र त्याला त्या जागी नेऊन उभं करील. म्हणून संगणकात खुणांच्या चौकटी असोत, पण दोन ओळी लिहिण्याची जागा ठेवा आणि डॉक्टरला त्या लिहिण्याइतका वेळ द्या. यंत्र कितीही महाग असलं, तरी ते वेळ देत नाही. तो माणसांनी राखून ठेवावा लागतो.

आपल्या राज्यात आणि देशात दवाखान्यांच्या नोंदी झपाट्यानं संगणकावर चालल्या आहेत. ते व्हायलाच हवं. वाळवीनं खाल्लेला कागद मी पुष्कळ पाहिला आहे, मला त्याचं कौतुक नाही. फक्त अमेरिकेच्या या अनुभवातून दोन गोष्टी उचलाव्यात. नवी प्रणाली खरोखर चालू लागली, लोकांच्या हातात रुळली, याची खात्री होईतो जुनी मोडू नये. तटरक्षक दलानं ती मोडली आणि पाच वर्षं कागदावर काढली. आणि नोंदीची एक प्रत ज्याची ती नोंद आहे, त्याच्या हातात द्यावी, त्याला वाचता येईल अशा रूपात. सेंट लुईसच्या आगीनंतर अनेक म्हाताऱ्या सैनिकांचे दावे कशावर उभे राहिले, ठाऊक आहे? घरच्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या जुन्या कागदांवर.

तेव्हा तुमच्या घरात कुणी माजी सैनिक असेल, तर या आठवड्यात एवढं करा. त्यांचं डिस्चार्ज बुक बाहेर काढा, वैद्यकीय मंडळाचा कागद असेल तर तो शोधा, रुग्णालयातून मिळालेले जुने कागद एकत्र करा. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. काही सापडत नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. आणि कागद चाळताना त्यांना विचारा, हे कधी झालं, कुठं झालं, सोबत कोण होतं. ते सांगतील, तसं तारखेसह वहीत उतरवून घ्या. सरकारचं यंत्र आपलं काम करीलच. पण माणूस बोलता आहे, तोवर त्याची हकीकत लिहून घेणं हे घरच्यांचं काम आहे.